पुनरुत्थानाचा रविवार आणि आठवड्याचे सहा दिवस : जालना–जिंतूर परिसरातील ख्रिस्ती धर्माचरणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्माच्या महाराष्ट्रातील इतिहासलेखनात धर्मांतराचा प्रसंग जितक्या विस्ताराने येतो, तितक्या विस्ताराने धर्मांतरानंतरचे दैनंदिन जीवन येत नाही. कोणी, केव्हा व कोणाच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला याचा तपशील चरित्रांत आणि मिशनच्या अहवालांत आढळतो. परंतु बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कोणाच्या शेतावर कामाला गेला, गावकीच्या कोणत्या कामाला त्याने नकार दिला आणि त्या नकाराची किंमत कशी चुकती केली, हा भाग बहुधा अंधारात राहतो. ईस्टर या सणाविषयीच्या लेखनाचीही हीच गत आहे. सणाचे वर्णन होते. सणानंतरच्या दिवसांचे होत नाही.

वास्तविक शुभवर्तमानांचा रोख या नंतरच्या दिवसांकडेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशूचे दर्शन झालेले शिष्य पुन्हा मासे धरावयास जातात आणि येशू त्यांना भेटतो तो किनाऱ्यावर, कोळशाच्या विस्तवापाशी, न्याहारीच्या वेळी. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हा पुनरुत्थानाचे सर्वांत मोठे विवेचन मानला जातो. तो संपताच सोळाव्या अध्यायाच्या आरंभी पौल वर्गणीच्या हिशेबाकडे वळतो आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे असे सुचवितो. मरणावरील विजय आणि गोरगरिबांसाठी काढावयाची रक्कम या दोन गोष्टी लेखकाला एकाच दमात सांगाव्याशा वाटल्या, ही बाब अर्थपूर्ण आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न परभणी जिल्ह्यातील जिंतूर आणि त्याच्या पश्चिमेकडील जालना या परिसराच्या संदर्भात मांडला आहे. जिंतूर हे नेमगिरीच्या जैन लेण्यांमुळे प्रसिद्ध असलेले गाव असून येथे हिंदू, मुस्लिम, जैन व बौद्ध समाजांची परंपरा ठळक आहे. ख्रिस्ती समाज अत्यल्प आहे. परंतु जिंतूरहून मंठामार्गे ज्या जालन्याला रस्ता जातो, त्या जालन्याला एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यातील एक महत्त्वाचे ख्रिस्ती केंद्र उभे राहिले. जिंतूर व जालना ही दोन्ही गावे तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि जिंतूरला लागून असलेला मंठ्याकडील प्रदेश ज्या परतूर तालुक्यात मोडत असे, तो तालुका 1981 साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. त्यामुळे हा सारा टापू एकत्र पाहणे योग्य ठरते.

ईस्टर न पाळणाऱ्या चर्चचे शिष्य

जालन्याच्या कार्याचे प्रवर्तक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे होत. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्रींनी 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या संबंधाने त्याच वर्षी मोठा वाद माजला. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मुंबई–पुण्यातील ब्राह्मणवर्गात तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतला परत घेण्याच्या बाजूने उभे राहून सनातन्यांचा रोष पत्करला, हे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. नारायण शेषाद्रींच्या पुढील कार्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

1860 च्या दशकात शेषाद्री जालन्यास आले. त्यांच्या उपदेशाला प्रतिसाद दिला तो प्रामुख्याने मांग समाजाने. पंतप्रधान सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळाली व जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत वसली. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने आपल्या उशाखालच्या दगडाचा स्तंभ उभारून त्या स्थळाला हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘देवाचे घर’. 1873 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री उपस्थित होते. पागोटे व लांब अंगरखा या एतद्देशीय वेषातच त्यांनी परदेशात व्याख्याने दिली. 1891 साली त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने शेषाद्री काम करीत होते, त्या परंपरेत ईस्टर हा सण पाळला जात नसे. 1560 च्या धर्मसुधारणेपासून स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने नाताळ, ईस्टर वगैरे वार्षिक सणांना पवित्र शास्त्राचा आधार नाही अशी भूमिका घेतली होती. त्यांच्या दृष्टीने पुनरुत्थानाचा सण एकच, आणि तो वर्षातून बावन्न वेळा येणारा : रविवार. हा कडवेपणा पुढे हळूहळू सैल झाला; परंतु जालन्याच्या पहिल्या पिढीला मिळालेली शिकवण ही अशी होती. याच काळात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने पारशी समाजातून आलेले रतनजी नवरोजी काम करीत होते. त्यांचे चर्च अँग्लिकन असल्याने तेथे प्रार्थनापुस्तकातील पंचांगाप्रमाणे ईस्टर व त्यानंतरचे रविवार पाळले जात. म्हणजे एकाच सुभ्यात, अवघ्या काही कोसांच्या अंतरावर, पुनरुत्थान मानणारे दोन मार्ग होते.

‘ईस्टर न पाळणारे’ हे वर्णन वाचून जालन्याच्या मंडळींच्या श्रद्धेत काही उणे होते असा ग्रह होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाचे मत उलट आहे. वार्षिक सण नसल्यामुळे पुनरुत्थानावरील श्रद्धा दाखविण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे आठवडा. आणि मराठवाड्याच्या खेड्यात रविवार पाळणे हे सण साजरा करण्यापेक्षा कितीतरी कठीण होते.

रविवारची किंमत

ब्रिटिश मुलखात रविवार हा कचेऱ्यांच्या सुट्टीचा दिवस होता. निजामाच्या राज्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची असे. जालन्यात 1903 पर्यंत लष्करी छावणी असल्याने छावणीपुरता इंग्रजी रविवार होता. छावणीची हद्द ओलांडली की परतूर, मंठा, जिंतूरकडे तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडे. तेथे रविवारी काम बंद ठेवणाऱ्या माणसाला सरकारचा, बाजाराचा किंवा शेजाऱ्याचा आधार नव्हता.

त्यातून हा मनुष्य बहुधा भूमिहीन. मांग हे गावगाड्यातील बलुतेदार : अंबाडीचे दोर, कासरे, शिंकी वळणे, केरसुण्या करणे, लग्नकार्यात व जत्रेत हलगी वाजविणे ही त्यांची परंपरागत कामे आणि त्याबद्दल खळ्यावर मिळणारे धान्य हे त्यांचे बलुते. जे बलुत्यावर भागत नसत ते सालगडी म्हणून राहत. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते; उचल घेतली की पुढचे वर्षभर माणूस धन्याच्या हुकुमात. त्याला साप्ताहिक सुट्टी अशी नसतेच. तेव्हा ख्रिस्ती सालगड्याला रविवारी उपासनेला जाण्याची मोकळीक मिळणार की नाही, हा प्रश्न चर्चमध्ये सुटण्याजोगा नव्हता. तो पाडव्याच्या दिवशी, वाड्याच्या ओसरीवर, उचलीच्या बोलणीत सुटायचा किंवा अडायचा.

पंचांगाचा हा योग विचार करण्यासारखा आहे. ईस्टर हा वसंतसंपाताच्या म्हणजे 21 मार्चच्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमा आपल्याकडे बहुधा चैत्री पौर्णिमा असते, काही वर्षी होळीची. 2024 मध्ये धूलिवंदन 25 मार्चला व ईस्टर 31 मार्चला होता. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला व ईस्टर 20 एप्रिलला. म्हणजे बहुतेक वर्षी पाडव्याला साल ठरल्यावर दोन–तीन आठवड्यांत ईस्टर येतो. सण पाळला जावो अथवा न जावो, पुनरुत्थानाचे दिवस आणि नव्या सालाची पहिली मजुरी हे मराठवाड्यात हातात हात घालूनच येतात.

चैत्र–वैशाख : एकाकी पन्नास दिवस

चर्चच्या पंचांगात ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंत, आनंदाचा काळ मानला आहे. मराठवाड्यात हा काळ उन्हाळ्याचा. रब्बीची खळी झालेली असतात, रान मोकळे पडते, विहिरी तळ गाठतात. मिशनऱ्यांचे व उपदेशकांचे खेड्यापाड्यांतील दौरे हिवाळ्यात, तंबू घेऊन होत. उन्हाळ्यात ते थांबत. ज्या गावात दोन–तीनच ख्रिस्ती घरे होती, त्यांना या दिवसांत बाहेरून कोणी भेटावयास येण्याची आशा नसे. शास्त्र वाचणारा एखादा शाळामास्तर जवळ असला तर ठीक. एरवी पाठ असलेल्या प्रार्थनांवर आणि गाण्यांवर निभावावे लागे.

नेमक्या याच दिवसांत गावकीचे ताण सर्वाधिक. लग्नसराई आणि चैत्रातल्या जत्रा यांमुळे हलगीला मागणी याच महिन्यांत. देवीच्या पालखीपुढे हलगी वाजवावी की नाही? वाजविली तर बाप्तिस्म्याला बाध येतो असे उपदेशक म्हणे. न वाजविली तर बलुते बंद होते. मिशनांचा कल सामान्यतः वाजविण्याच्या विरोधात होता. आज मागे वळून पाहता या धोरणात एक नुकसान झाले असे वाटते. पिढ्यान्पिढ्यांचे लयीचे ज्ञान असलेल्या समाजाच्या हातून वाद्यच काढून घेतले गेले आणि उपासनेत त्याला जागा देण्याचे सुचण्यास फार उशीर झाला. अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या क्षेत्रात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट शोधली होती. पण कीर्तन हे टाळ–वीणेचे. हलगीचा प्रश्न तसाच राहिला.

याहून कठीण प्रसंग पटकीच्या साथीचा. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडाशी साथ आली की मरीआईचा कोप झाला असे समजून तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेण्याची चाल होती. मरीआईचा पोतराज बहुधा मांग समाजातला. पुनरुत्थानाचा विचार पुस्तकात वाचणे निराळे आणि शेजारच्या घरातून प्रेत निघत असता, गावातील सर्व लोक आपल्याकडे पाहत असता, गाड्याला हात न लावणे निराळे. गावाने असा नकार साध्या मतभेदासारखा घेतला नाही. साऱ्या गावावर संकट ओढवून घेणारा गुन्हा म्हणून घेतला. उलट बाजूने हेही नमूद करावयास हवे की साथीत रोग्याजवळ बसणे, त्याला पाणी देणे व प्रेताला खांदा देणे हे काम ख्रिस्ती मंडळीचे कर्तव्य मानले गेले. पुढे जालन्यास मिशनचे रुग्णालय उभे राहिले. त्याचा पाया वैद्यकशास्त्राचा खराच. पण मरणाला भिऊन दूर पळू नये ही शिकवणही त्या पायात होती.

मृतांच्या बाबतीत बाहेरून फारसा बदल दिसत नसे. मांग, महार इत्यादी समाजांत प्रेत पुरण्याची चाल पूर्वापार होती, लिंगायतही पुरतात. त्यामुळे दफन ही ख्रिस्ती होण्याची खूण नव्हे. फरक पडला तो अर्थात. ‘पुनर्जन्म’ हा शब्द वारकरी–महानुभावांच्या या मुलखात घरोघरी माहीत होता. मराठी शास्त्रातील ‘पुनरुत्थान’ हा शब्द त्याच्या अगदी जवळचा भासतो आणि अर्थाने त्याच्या विरुद्ध जातो. एकात तोच जीव दुसऱ्या देहात जातो, पूर्वकर्माप्रमाणे उच्च वा नीच योनीत. दुसऱ्यात हाच मनुष्य, याच नावानिशी, उठविला जातो. ज्याला आपला जन्म हा गतजन्मीच्या पापाचे फळ असे सांगण्यात आले होते, त्याच्या दृष्टीने हा केवळ तत्त्वज्ञानातला भेद नव्हता. नव्या दफनभूमीत थडग्यावर नाव कोरले जाऊ लागले. ज्यांना गावात पूर्ण नावाने कोणी हाक मारीत नसे, त्यांचे नाव दगडावर येणे हा पुनरुत्थानावरील श्रद्धेचा एक अत्यंत ठोस दैनंदिन परिणाम होय.

बेथेल की मांगवाडा

बेथेलसारख्या वसाहतीने या अडचणींवर एक उत्तर दिले. तेथे रविवार सर्वांचाच होता, हलगीची सक्ती नव्हती, शेती स्वतःच्या चर्चच्या छायेत होती, मुलांना शाळा होती. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या पहिल्या मंडळीने सर्व वस्तू समाईक मानल्याचे वर्णन आहे. स्वतंत्र ख्रिस्ती गावाची कल्पना त्याच स्वप्नाच्या जवळची. पण तिला मर्यादा होती. जो बेथेलला गेला त्याने मूळ गाव सोडले, आणि गावाला आपली जुनी वागणूक बदलण्याचे कारण उरले नाही. दुसरे असे की जमीन मिशनच्या नावे, न्यायनिवाडा मिशनकडे, रोजगारही मिशनमार्फत. त्यामुळे धन्याची जागा मायबाप पाळकाने घेतली.

जे आपापल्या मांगवाड्यात राहिले त्यांच्याविषयी कागदपत्रे कमी बोलतात. तरीही इतिहासाच्या दृष्टीने त्यांचेच जीवन अधिक महत्त्वाचे मानावे लागते. त्यांना रोज त्याच पाणवठ्यावर जावयाचे होते आणि त्याच पाटलाच्या दारात उभे राहावयाचे होते. ईस्टरनंतर शिष्य ज्या गालीलास परतले, तो प्रांत जणू यांच्या वाट्याला आला.

परावलंबनाचा हा दोष मराठी ख्रिस्ती विचारवंतांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरास दीर्घकाळ मिशनमध्ये होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. चर्चच्या आवारापेक्षा घर, रस्ता व बाजार येथे ख्रिस्ताचे अनुयायित्व दिसावे अशी त्यांची धडपड होती. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात, टिळक वारले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ मध्ये या घरातील रोजच्या धर्माचरणाचे, त्यातील विसंगती व विनोदासह, जे दर्शन घडते ते कोणत्याही अहवालातून घडत नाही. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी छापखाना, विणकाम, शेती यांना प्रार्थनेच्या बरोबरीने दिनक्रमात स्थान दिले, आणि साध्या बायकांना कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. मराठवाड्यात या तोडीचे लेखक निपजले नाहीत. येथील ख्रिस्ती माणसाने आपली गोष्ट लिहिली नाही, जगली.

एक कठोर आक्षेप

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातील ख्रिस्ती धर्मांतरितांविषयी लिहिलेले निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते उपलब्ध आहेत. धर्मांतर करूनही या लोकांची सामाजिक स्थिती पालटली नाही, चर्चमध्येही जात शिरली आणि नव्या धर्माने त्यांना अन्यायाविरुद्ध संघटित होण्याची प्रेरणा दिली नाही, असा त्यांचा रोख आहे. हा आक्षेप जालना–जिंतूर टापूला बऱ्याच अंशी लागू पडतो. 14 ऑक्टोबर 1956 नंतर शेजारच्या महारवाड्यांनी बौद्ध धम्म स्वीकारून गावकीची कामे एकजुटीने सोडली. ख्रिस्ती कुटुंबांनी तोच नकार पाऊण शतक आधीपासून, पण एकेकट्याने दिला होता. एकेकट्याचा नकार श्रद्धेचा दाखला ठरतो; त्याने गावगाडा हलत नाही. आक्षेप मान्य करूनही एवढे म्हणता येते की आंबेडकरांनी मोजले ते सामूहिक सामर्थ्य. नाव, अक्षर आणि मरणाची भीती यांच्या बाबतीत घराच्या आत झालेला पालट त्या मापात बसत नव्हता.

संघटनेचा इतिहास थोडक्यात असा. जालन्याची मंडळी पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात व 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. या ऐक्यात अँग्लिकन परंपराही असल्याने ईस्टर व त्यानंतरचे रविवार आता सर्वांच्याच उपासनाक्रमात आहेत. कॅथलिक चर्चने 1977 साली अमरावतीतून वेगळा काढून औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन केला. परभणी जिल्हा, पर्यायाने जिंतूर, त्यात येतो. स्कॉटिश वडीलधाऱ्यांनी नाकारलेला सण अशा रीतीने त्यांच्या पणतवंडांच्या घरी पोहोचला.

कागदावरची ओळख

या पणतवंडांसमोरचा प्रश्न मात्र वेगळ्या स्वरूपाचा आहे. राज्यघटनेखालील 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या मांग–महारांचा झालेला नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 च्या अहवालात ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. 2022 मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर नवा आयोग नेमला. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10.8 लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होती. मराठवाड्यातील आकडे वाचताना वरील आदेश नजरेआड करून चालत नाही, कारण ज्या घरात शिष्यवृत्ती व नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून आहे, तेथे धर्माचा रकाना भरणे हा साधा प्रकार राहत नाही.

26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका प्रकरणात निकाल देताना अर्जदार स्त्रीचा बाप्तिस्मा झाला आहे व ती नियमितपणे चर्चला जाते या बाबी विचारात घेतल्या आणि केवळ आरक्षणाच्या लाभासाठी हिंदू असल्याचा दावा तिला करता येणार नाही असे ठरविले. निजामाच्या अमलात रविवारी चर्चला जाणे हा मजुराचा रोज बुडविणारा प्रकार होता. आज रविवारची तीच हजेरी न्यायालयात पुरावा म्हणून वाचली जाते. पाडव्याला वाड्याच्या ओसरीवर होणारी बोलणी आता तहसील कचेरीच्या खिडकीशी, दाखल्याच्या अर्जावर होते.